वाढली म्हणजे गेली

आमच्या घरात काही फुटत नाही, तुटत नाही आणि संपतही नाही. सगळं वाढतं. बांगडी फुटली की ती ‘वाढली’, देवापुढे नारळ फोडला की तो ‘वाढवला’, मंगळसूत्राची दोरी तुटली तर मंगळसूत्र ‘वाढलं’. एवढं पुष्कळ घरांत चालतं. पण माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या खेड्यातल्या, आणि त्यांनी हा कारभार फारच पुढे नेलेला. बरणीतलं मीठ संपलं तर मीठ वाढलं. समई शांत केली तर समई वाढवली. एकदा माझ्या हातून चहाचा कप पडला, तर आतून आवाज आला, “वाढला का गं?” अभद्र शब्द तोंडातून काढला की अभद्र घडतं, म्हणून ही सगळी तजवीज.

सुधीर, माझा नवरा, एकदा खुशीत घरी आला आणि दारातूनच ओरडला, “आई, पगार वाढला!” सासूबाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “म्हंजी आला का गेला?” त्यावर आम्ही आठवडाभर हसत होतो.

हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या आजारपणातलं जे मला सांगायचं आहे ते या एका शब्दापाशी येऊन थांबतं. माझे उपचार अजून चालू आहेत. तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर तिला सोबत व्हावी म्हणून लिहितेय. औषधांची नावं इथे मिळणार नाहीत. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला ती नीट उच्चारताही येत नाहीत.

*

पोट सुटायला लागलं तेव्हा मला वाटलं, वयाचा परिणाम. मी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. कोणता कंटेनर आला, कोणता गेला, कोणता अडकला, हे दिवसभर खुर्चीत बसून बघायचं. अशा नोकरीत पोट सुटणारच. मी जिऱ्याचं पाणी प्यायले, भात सोडला, संध्याकाळी खारघरच्या आमच्या सोसायटीला फेऱ्या मारायला लागले. हात बारीक झाले, गाल बसले, पोट मात्र पुढेच येत राहिलं. दोन घास खाल्ले की पंगतीतून उठल्यासारखं गच्च व्हायचं.

एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई हसून म्हणाल्या, “काय वैशाली, गुड न्यूज की काय?” माझे केस अर्धे पांढरे. त्यांनी चेष्टाच केली होती आणि मीही हसले. आम्हाला मूल नाही. घरी येऊन मी बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

मग सोनोग्राफी, मग दुसरी तपासणी, मग सुई घालून काढलेलं पोटातलं पाणी. आणि मग तो दिवस. डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी खुर्ची टेबलाच्या मागून काढून आमच्या बाजूला आणून ठेवली, तेव्हाच मला कळलं. अंडाशयाचा कॅन्सर. पसरलेला.

सुधीरने हातातली रिपोर्टांची फाइल उघडली आणि मिटली. मग त्याने विचारलं, “मॅडम, हिला तिखट चालेल का?” बिचाऱ्याच्या डोक्यात दुसरा प्रश्नच येईना. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चालेल. जे जाईल ते खाऊ दे.”

मी त्यांना सरळ विचारलं, की हे असतं तरी काय. त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. शरीरातली प्रत्येक पेशी वाढते, एकीच्या दोन होतात, नेमून दिलेलं काम करते, जुनी झाली की मरते आणि नवीला जागा करून देते. भाजलं, कापलं की कातडी वाढते आणि जखम भरली की वाढायची थांबते. “तुमच्या या पेशी थांबायचं विसरल्यात,” त्या म्हणाल्या.

“आणि मरायचं?”

“तेही.”

मला आमचं यार्ड दिसलं. ज्या कंटेनरला कुणी धनी नाही तो जागचा हलत नाही. त्याच्यावर दुसरा चढतो, त्याच्यावर तिसरा, आणि चांगला माल उतरवायला जागा उरत नाही. माझ्या पोटात तेच झालं होतं. आतड्याला जागा नव्हती म्हणून भूक मेली, पाणी साचून वर दाबत होतं म्हणून जिना चढताना धाप लागत होती, खाल्लेलं सगळं ती वाढच ओढून घेत होती म्हणून गाल बसले होते. इतके दिवस मी ज्याला ॲसिडिटी म्हणत होते ते हे होतं.

खोटं कशाला सांगू, मला भीतीच्या आधी राग आला. या पोटात काही वाढावं म्हणून तरुणपणी मी काय नाही केलं. उपास केले, सुया घेतल्या, बायकांच्या नजरा सोसल्या. तेव्हा ते रिकामं राहिलं, आणि आता न विचारता हे.

*

घरी येताना रिक्षात सुधीर एकच वाक्य बोलला. “आईला नको सांगायला.”

त्याला कारण होतं. सुधीरची थोरली बहीण, नंदाताई, याच आजाराने गेली. माझ्या लग्नाच्या आधी. सुधीर तेव्हा मुंबईला शिकायला होता, त्यामुळे त्यालाही सगळं ऐकूनच माहीत. लेक गेल्यावर आई कितीतरी दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, एवढं मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तर त्यांची ऐंशी उलटलेली. सासूबाईंना मी आईच म्हणते, आणि माझी आई मी बोलायला लागण्याआधीच गेली, त्यामुळे तो शब्द मी दुसऱ्या कुणाला वापरलेलाच नाही.

आम्ही सांगितलं, की पोटात गाठ आहे, साधी आहे, ऑपरेशन करून काढतील, नंतर थोडी कडक औषधं. आईंनी ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाल्या. काहीच विचारलं नाही. त्या विचारत नाहीत म्हणजे त्यांना कळलेलं नाही, असं आम्ही दोघं धरून चाललो. आता हे लिहिताना स्वतःच्या शहाणपणाची कमाल वाटते. पोटची पोर ज्या आजारात गेली तो आजार आम्ही त्या बाईपासून लपवायला निघालो होतो.

*

ऑपरेशनबद्दल फार आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर तहान लागली होती आणि पाणी द्यायचं नाही म्हणून नर्स ओला कापूस ओठांवर फिरवत होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तो कापूस मी विसरणार नाही.

केमोचं वेळापत्रक मात्र अंगवळणी पडलं. आदल्या दिवशी तपासणीसाठी रक्त द्यायचं. रक्तात पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच सलाईन लावतात, नाहीतर परत घरी. त्यामुळे हॉलमध्ये बसलेली आम्ही सगळी माणसं एकमेकांना एकच विचारायचो, “पेशी वाढल्या का?” वाढल्या म्हटलं की शेजारचे लोक लग्न ठरल्यासारखे खूश व्हायचे. मला त्या शब्दाचं हसू यायचं. एका जातीच्या पेशी वाढता वाढता थांबत नव्हत्या आणि दुसऱ्या जातीच्या विनवण्या करूनही वाढत नव्हत्या.

तिथेच मला रुखसाना भेटली. उरणजवळच्या मोऱ्याची, नवऱ्याचं कपड्याचं दुकान, स्तनाचा कॅन्सर. तिच्या पर्समध्ये कायम लिंबू असायचं. पहिल्या दिवशी मला उमासे येताना बघून तिने ते माझ्या नाकाला लावलं. “हुंग, बाय, हुंग. ओकायचा नाय. ओकलीस तर खाल्लेला फुकट जाईल.”

मी तिला पेशींचं ऐकवलं, मॅडमनी सांगितलेलं. ती म्हणाली, “तेच तर ना. भायेरचा चोर असता तर कवाच धरला असता. हा आपल्याच घरातला हाय, आपलाच जेवलेला. म्हनून धरायला टाइम लागतो.” मला इतकं बरं वाटलं ऐकून. तोपर्यंत मी मनातल्या मनात हिशेब करत होते, की माझं काय चुकलं, काय खाल्लं, कुणाचं वाईट चिंतलं. कुणाचंही काही चुकलेलं नसतं, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. रुखसाना आता बरी आहे, घरी आहे, आणि तिच्या आवाजातले लांबलचक मेसेज मला रोज येतात.

केस गेले ते दुसऱ्या सलाईननंतर. सकाळी उठले तर उशीवर झुपका. आई चहा घेऊन आल्या, उशीकडे बघितलं, आणि सवयीने म्हणाल्या, “केस वाढलं गं तुजं.”

मी हसायला लागले. इतकी हसले की सुधीर दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला. मग ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं मला कळलं नाही. आईंनी उशीवरचे केस गोळा केले, पदराच्या टोकात बांधले. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी माझ्या उघड्या डोक्याला कोमट खोबरेल लावायच्या. त्यांचे तळवे खरखरीत, पण त्या हातांखाली मला जेवढी झोप लागली तेवढी कुठल्या गोळीने लागली नाही.

घरात सगळं असं गोडगोड नव्हतं. सुधीर चिडका झाला होता. मी ताट तसंच ठेवलं की तो माझ्यावर ओरडायचा आणि मग गॅलरीत जाऊन उभा राहायचा. त्याला कुणी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हटलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची. मीही काही देवी नव्हते. त्याला एकदा म्हणाले, “तुझी सुटका होईल लवकर, धीर धर.” तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बोलण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

*

उपचार संपले. केस आले, लहान मुलीसारखे मऊ. मी ऑफिसला जायला लागले. पोट आत गेलं होतं आणि जुने कुर्ते पुन्हा होत होते.

मग नेहमीची तपासणी झाली आणि मॅडमनी पुन्हा खुर्ची टेबलाच्या मागून बाहेर काढली. यकृताजवळ एक गाठ राहिली होती, ती मोठी झाली होती. शेजारी आणखी दोन. “पुन्हा औषधं सुरू करू,” त्या म्हणाल्या, “पण या वेळी मी बरं करू असं म्हणणार नाही. अडवून धरू, असं म्हणते.” त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तेव्हा मात्र वाटलं, बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

घरी आलो. मी चप्पल काढत होते. सुधीरला ऑफिसातल्या मित्राचा फोन आला आणि तो दारातच उभा राहून पडलेल्या आवाजात म्हणाला, “हो रे. गाठ वाढलीय.”

आई सोफ्यावर माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ डोळ्यांना लावली.

“वाढली? देव पावला गं बाई!”

त्या हात जोडत देवघराकडे निघाल्यासुद्धा. “वाढली म्हंजी गेली. सुदीर, नारळ आन. उद्या पुरन घालती.”

सुधीरने तोंड उघडलं. मी त्याचा हात धरला. त्या क्षणी मी काही विचार केला नव्हता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते करता आलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आईंनी पहाटे डाळ शिजत घातली. घरभर वेलची, जायफळाचा वास. नारळ वाढवला, त्याचं पाणी मला पाजलं. शेजारच्या बाईंना हाक मारून सांगितलं, “सूनबाईची गाठ वाढली!” शेजारणीला काय कळलं कुणास ठाऊक, तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला, आणि मी मागून तिला हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली.

मग पाटावर बसवून मला वाढलं. कटाची आमटी, भात, पुरणपोळी, वर तुपाची धार. मला एक घासही नको होता. पण आई समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी एक पोळी खाल्ली, आणि त्या “वाढू का आनिक?” म्हणाल्या तेव्हा अर्धी आणखी घेतली. “कशी झालीया?” त्यांनी विचारलं. “अशी पोळी कुणाला जमत नाही आई,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. सुधीर अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आई मात्र जेवल्या नाहीत. “मागनं बसते,” म्हणाल्या.

*

पुढचे दिवस विचित्र होते. सुधीर आणि मी आतून रडवेले, आणि आईंसाठी घरात सण. त्या गुणगुणत काम करायच्या. माझं ताट वाढून स्वतः ‘आज माझा उपास’ म्हणून चहावर भागवायच्या, आणि माझं स्वतःच्याच दुःखात इतकं चित्त, की त्यांचे उपास वाढलेत हे मला उशिरा दिसलं. नवीन औषधांची तारीख जवळ आली. डोक्यावरचे केस पुन्हा जाणार होते. दुसऱ्यांदा त्यांना काय सांगणार? शिवाय मला राहवेना. ज्या बाईच्या हातांखाली मी झोपत होते तिला फसवून मला झोप लागेना.

सुधीर कामावर गेला होता. दुपारी आई जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले.

“आई, गाठ गेली नाही.”

त्यांचे हात थांबले नाहीत.

“मोठी झालीय. डॉक्टरांचं वाढणं वेगळं असतं.”

“ठाव हाय मला,” आई म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी एक काडी मोडली, पानं वेगळी केली, आणि मेथीकडेच बघत बोलायला लागल्या.

“नंदीच्या टायमाला मिरजंचा डाक्टर बी ह्येच म्हनला. ‘गाठ वाढलीया, बाई.’ म्या म्हनलं, सुटलं माजं लेकरू. वाढली म्हंजी गेली. खाली जाऊन साखर आनली आन् तितल्या समद्या बायास्नी वाटली. समद्यांनी हात पुडं केलं, साखर घेतली, आन् खाली बगाय लागल्या. येक बी बोलली न्हाई.”

“आणि नंदाताई?”

“ती शिकल्याली. तिला कळलं हुतं. ती बी न्हाई बोलली. घरी आनली, पुरन घातलं, तर बसली आन् दोन पोळ्या खाल्ल्या माज्या लेकीनं. ‘आई, अशी पोळी कुनाला जमत न्हाई’ म्हनली.”

माझ्या अंगावर काटा आला. तेच शब्द. मी ते कुणाकडून ऐकलेले नव्हते.

“मागनं कळलं मला, वाढली म्हंजी काय त्ये,” आई म्हणाल्या. “लई रडले. मग वाटलं, मला कळलं न्हाई म्हनून त्या दिवशी तरी तिनं घरात कुनाचं रडं बगितलं न्हाई. तेवढा येक दिस म्या तिला दिला. त्यो बी चुकून.” आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुला जानून दिला.”

मी समजत होते, की ती पोळी मी त्यांच्यासाठी खाल्ली. त्या समजूनउमजून, पहाटेपासून माझ्यासाठी डाळ वाटत होत्या, आणि त्यांना स्वतःला एक घास उतरला नव्हता. उपास कसले ते मला आत्ता कळलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं आणि मोठ्याने रडले, इतके दिवस नळाच्या आवाजाखाली रडत होते ते सगळं. त्याही रडल्या. मेथी आमच्या दोघींच्या मध्ये चुरगळली.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्या मऊ केसांवरून, जे आता थोड्याच दिवसांचे सोबती होते.

“येक ऐकशील?” आई म्हणाल्या. “माज्या अगुदर वाढू नगंस.”

त्या शब्दाचा इतका खरा अर्थ मी कधी ऐकला नव्हता. काय सांगणार होते मी? मला मॅडमनी ज्याचं वचन दिलं नव्हतं ते मी त्यांना कुठून देणार? तरी मी ‘बरं’ म्हटलं. त्यांनीही ते खरं धरलं नाही, पण मान हलवली.

मग पदराने तोंड पुसलं, चुरगळलेली भाजी बाजूला सारली आणि भिंतीला टेकून नीट बसल्या.

“भूक लागलीया मला,” आई म्हणाल्या. “वाढ आता.”

मी ओट्याला धरून उठले, ताट घेतलं, सकाळची आमटी गरम केली, आणि त्यांना वाढलं.